पंच क्रमांक एक

आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली की कोणी गॅसकडं धावत नसे. आधी सगळे अण्णांच्या तोंडाकडं बघत. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जुन्या शहरात स्टोव्ह-कुकर दुरुस्तीचं चार फूट रुंद दुकान होतं, आणि दुरुस्त झालेला प्रत्येक कुकर गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी एकदा पडेगावात आमच्या घरी शिजायला यायचा. त्यामुळं आम्ही आयुष्यभर परक्यांच्या कुकरमधली डाळ खाल्ली. अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे. पहिली शिट्टी. हात वर, म्हणजे थांबा. दुसरी शिट्टी. मग निकाल, "वायसर बरोबर बसलंय. शिट्टीतून पाणी येतंय पण." आई म्हणायची, "ते ऱ्हाऊ द्या, डाळीत मीठ हाय का नाय ते सांगा." तेवढं मात्र त्यांना कधीच सांगता यायचं नाही. माणूस तसा अबोल. हात कामात असले तरच तोंड उघडायचं. हात रिकामे झाले की तोंडालाही कुलूप. बोलायच्या आधी मूठ ओठांवर धरून दोनदा खाकरायचे, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, परत लावायचे आणि मग एक वाक्य. ही एवढी माहिती मी मुद्दाम देतोय. पुढं तिचा मी जो उपयोग केला त्याची मला अजून लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणूनच ते आधी सांगून टाकलेलं बरं.

दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, एक पोलीस चौकी होती. कुठली ते लिहीत नाही. वीस वर्षं वकिली केल्यावर माणूस एवढं तरी शिकतो. पोलिसांनी कुठं काही जप्त केलं, एखादी जागा तपासली, की तिथं दोन त्रयस्थ माणसं हजर असावीत, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं आणि पंचनाम्यावर सही करावी, असं कायद्याला वाटतं. त्या माणसांना पंच म्हणायचं. कायदा लिहिणाऱ्यांनी एवढंच सांगितलं नाही, की भर दुपारी, ऐन कामाच्या वेळी, अशी रिकामी त्रयस्थ माणसं आणायची कुठून. चौकीनं आपल्यापुरतं उत्तर शोधलं होतं. समोरून. हवालदार दारात येऊन नुसती मान हलवायचा. अण्णा बोटांची काजळी फडक्याला पुसत रस्ता ओलांडायचे, जीपच्या बॉनेटवर ठेवलेल्या कागदांवर 'वाचून पाहिला, बरोबर आहे' याच्या खाली आपली लपेटदार सही करायचे, खाली एक रेघ, रेघेखाली दोन ठिपके, आणि परत येऊन अर्धवट राहिलेला बर्नर हातात घ्यायचे. पाच मिनिटांचं काम. वर्षा-दोन वर्षांनी त्यातलं एखादं प्रकरण कोर्टात उभं राहायचं, समन्स यायचं, मग आई ट्रंकेतून पांढरा सदरा काढायची. त्याला आमच्या घरात 'साक्षीचा सदरा' असंच नाव होतं. लग्नाकार्यालाही अण्णा तो घालायचे नाहीत.

वकील व्हायचं हे माझं नाही, आईचं ठरलं होतं. भिंतीवरच्या तसबिरीतल्या निळ्या कोटाकडं बोट दाखवून ती म्हणायची, "कोट घालायचा तर असा. नायतर सदरा बरा." मी कायद्याच्या कॉलेजात गेलो ते कोटासाठी आणि थोडासा स्वतःच्या आवाजासाठी. माझा आवाज मला फार आवडायचा. दुसऱ्या वर्षाला असताना सूचनाफलकावर कागद लागला: मॉक ट्रायल, म्हणजे खोटा खटला, राज्यपातळीच्या फेऱ्या, संघ निवड. खोट्या खटल्यात सगळं खऱ्यासारखं असतं. वकील, साक्षीदार, पिंजरा, न्यायाधीशाच्या खुर्चीत एखादे खरे ज्येष्ठ वकील. फक्त आरोपीला संध्याकाळी घरी जाता येतं. मी निवडीला गेलो, आठ मिनिटं छताला भोक पडेल असं बोललो, टेबलावर हात आपटला, आरोपीला फाशीच्या खाली सोडायला तयार नव्हतो. संपल्यावर खोलीत शांतता. मला वाटलं, परिणाम. पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या पाठक मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कांबळे, छान. पण तुम्ही आरोपीचे वकील होता."

हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज नाझनीनचा होता. नाझनीन शेख, शहागंजातल्या कापड दुकानदाराची मुलगी, आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तिखट. ती संघाची कप्तान होणार हे मॅडमच्या आधी तिनंच ठरवलेलं होतं. तिनं मला जिन्यात गाठलं. "क्या रे मिलिंद, कुठल्या बाजूनं बोलतोय तेच तुला माहीत नाय. तू साक्षीदार हो. साक्षीदाराला बाजू नसते." मी म्हटलं, मला वकील व्हायचंय. "हौ, हो ना. पण पुढच्या वर्षी. यंदा मला हरायचं नाय." यंदा का, ते मला नंतर कळलं. जिंकणाऱ्या संघाच्या कप्तानाला अंतिम फेरीच्या न्यायाधीशांच्या, म्हणजे खंडपीठात नाव असलेल्या एका वकीलसाहेबांच्या, ऑफिसात सहा महिने बसायला मिळणार होतं. ओळखपाळख नसलेल्या मुलीला त्या दारातून आत जायला दुसरी वाट नव्हती. तिचे अब्बू म्हणाले होते, तिथं बसायला मिळालं तर पुढचं बघू. नाही तर दुकानाच्या गल्ल्यामागं खुर्ची आहेच. तिसरा गडी सोपान काळे. वेरूळकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, सहा फूट उंच, आवाज कोंबड्याच्या पिल्लाचा. तो तपासी अंमलदार.

खटला असा होता: एका सराफावर चाकूहल्ला झालाय, आरोपीच्या घराच्या पत्र्याखालून चाकू जप्त केलाय. चाकू खरंच तिथं सापडला हे सिद्ध झालं तर सरकार पक्ष जिंकला, नाही तर संपलं. आणि ते सांगणारा एकच माणूस, पंच क्रमांक एक. कागदावर 'पंच' हा शब्द वाचला आणि मी हसत सुटलो. म्हटलं, अरे, हा तर आमच्या घरी आहे.

त्या रविवारी मी दोघांना जेवायला घरी आणलं. नाझनीननं डब्यात नान-खलिया आणला होता, आईनं येसर आमटी आणि भाकरी केली होती, आणि मधोमध कोणाचा तरी पाच लिटरचा कुकर फुसफुसत होता. अण्णांच्या हातात एक हँडल आणि स्क्रू-ड्रायव्हर, म्हणजे तोंड उघडं. सोपाननं विचारलं, "काका, पंचनाम्याच्या टायमाला नेमकं काय काय होतं?" अण्णा दोनदा खाकरले, चष्मा पुसला. आणि मग ते जे बोलले, तेवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वकील आवाज चढवतो तेव्हा आपण उतरवायचा. 'आठवत नाय' असं पहिल्या प्रश्नाला कधी म्हणायचं नाही, चौथ्या-पाचव्याला म्हणायचं. तारीख विचारली की वार सांगायचा. "अन् फुटायचं नाय. सही केली म्हंजे केली. माझ्यासमोर झालं, मला वाचून दाखवलं, बरोबर हाय. तीन वाक्यं. चौथं वाक्य आपलं नाय." नाझनीन वहीत उतरवून घेत होती. "आणि काका, अडकवलं नाही कधी कुणी?"

"एकदा इचारलं एकानं," अण्णा स्क्रू फिरवत म्हणाले. "आतापर्यंत किती पंचनाम्यांवर सह्या केल्या म्हणे. मी म्हणलं, साहेब, मोजून कोण सह्या करतं?" सोपान भाकरीचा घास हातात धरून हसला. नाझनीनही हसली. अण्णा हँडलाकडं बघत म्हणाले, "व्हय. आख्खं कोर्ट हसलं." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ते उठून गेले. खरं म्हणजे पहिल्या शिट्टीला ते कधी उठत नसत. हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या डोक्यात तोवर पूर्ण नाटक उभं राहिलं होतं.

मी अण्णा झालो. आरशासमोर नव्हे, रोज संध्याकाळी ते जेवत असताना समोर बसून, चोरून. मूठ ओठांवर, दोन खाकरे, चष्मा काढायचा, पुसायचा, काचा उजेडात धरून बघायच्या. 'साहेब' म्हणताना किंचित वाकायचं. पहिल्या फेरीत, आमच्याच कॉलेजात, मी पिंजऱ्यात उभा राहून नुसता चष्मा पुसला आणि मागचे बाक हसायला लागले. समोरचा वकील गांगरला. ओरडला. मी आवाज उतरवला. त्यानं तारीख विचारली, मी मंगळवार सांगितला. शेवटी चिडून त्यानं तोच प्रश्न विचारला, किती पंचनाम्यांवर सह्या केल्या, आणि मी खाकरून म्हटलं, "साहेब, मोजून कोण सह्या करतं?" पंख्याचा आवाज ऐकू येईना एवढं हसणं. पाठक मॅडमच काय त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कांबळे, हे उत्तर तुमच्या बाजूचं नाही." पण आम्ही जिंकलो होतो, आणि जिंकलेल्याला कोण काय शिकवणार? दुसऱ्या फेरीत जालन्याहून आलेल्या संघाला उडवलं. उपांत्य फेरीला तर मुलं 'कुकरवाल्या'ला बघायला म्हणून आली. हे नाव सोपाननं पाडलं होतं. मला उत्कृष्ट साक्षीदाराची एक छोटी ढाल मिळाली. मी ती घरी नेली. आईनं तसबिरीखाली ठेवली. "कशाबद्दल रे?" अण्णांनी विचारलं. म्हटलं, वक्तृत्व. ते ढाल हातात घेऊन उलटी करून बघत राहिले. कुठलीही वस्तू ते आधी उलटीच करून बघायचे.

अंतिम फेरी आमच्याच शहरात, दुसऱ्या एका कॉलेजच्या सभागृहात होती, आणि ती पाहायला बाहेरच्यांना मुभा होती. त्या आठवड्यात माझी झोप उडाली, पण खटल्यामुळं नव्हे. आई रोज विचारायची, "आम्ही यावं का बघाया?" मी म्हणायचो, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. पास लागतो. पोलीस असतात. अगदी शेवटी म्हणालो, फक्त इंग्रजीत चालतं. एका खोट्या खटल्यासाठी मी खऱ्या कोर्टात बोललो नसतो इतकं खोटं बोललो. आणि आमच्यात शहाणा सोपान. आदल्या दिवशी नोट्स द्यायला घरी आला आणि ओट्यावर चहा पिता पिता म्हणाला, "काकू, उद्या या बरं का. दुपारी तीनला. सगळे येतेत घरचे."

सभागृहात तीनशे खुर्च्या आणि बहुतेक भरलेल्या. चिठ्ठीनं याही वेळी आम्हाला सरकार पक्ष मिळाला. समोर पुण्याचा संघ. त्यांचा वकील एक गोरा, बारीक, शांत मुलगा, जो कागदांचे कोपरे जुळवत बसला होता. तो उपांत्य फेरी मागं बसून बघून गेला होता हे मला माहीत होतं, कारण त्यानं मला बघून ओळखीचं हसू दिलं. न्यायाधीशाच्या खुर्चीत ते वकीलसाहेब, पिकलेल्या भुवया, हातात न उघडलेलं पेन. नाझनीनचे अब्बू दुसऱ्या रांगेत, मांडीवर टोपी. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "ऐक मिलिंद. वाक्यं तीनच. चौथं नक्को." तिचे हात थंड होते, वही देताना मला लागले.

शिपाई झालेल्या मुलानं पुकारा केला, "पंच क्रमांक एक हाजिर हो!" मी पिंजऱ्यात चढलो, शपथ घेतली आणि वर बघितलं. शेवटच्या रांगेच्या मागं, दाराला लागून, बसायला जागा असूनही उभे, एकटेच अण्णा. अंगात साक्षीचा सदरा.

नाझनीननं सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारायचे पहिले प्रश्न, सुरू केली. मी पहिलं उत्तर द्यायच्या आधी, सवयीनं, मूठ ओठांवर नेली आणि दोनदा खाकरलो. हसू फुटलं. उपांत्य फेरी बघितलेली पोरं तयारच होती. मी बघितलं, अण्णाही हसत होते. पोराला टाळ्या मिळताहेत म्हणून हसत होते बिचारे. मग मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, काचा उजेडात धरल्या. त्याच वेळी अण्णांचा हात त्यांच्या चष्म्याकडं गेला होता. ते अर्ध्यात थांबले. चष्मा त्यांच्या हातात, चष्मा माझ्या हातात. त्यांच्या शेजारच्या पोरानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मित्राला कोपरानं ढोसलं, आणि मागच्या रांगेत हसण्याची एक वेगळी लाट उठली, जी माझ्यासाठी नव्हती. अण्णांनी चष्मा परत लावला. हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला, जणू तो परत वर जाईल.

तीन वाक्यं मी कशीबशी बोललो. मग पुण्याचा मुलगा उठला. आवाज चढवला नाही. "पंचनामा आपल्यासमोर झाला?" "व्हय साहेब." "चाकू पत्र्याखालून काढताना आपण स्वतः पाहिलात?" "व्हय." "किती पावलांवर उभे होतात?" सांगितलं. तो सावकाश चालत पिंजऱ्याजवळ आला. मला कळलं, आता तो प्रश्न येणार. उत्तरानंतर लोक हसतील आणि त्या हसण्यावरच हा आपला वार करणार: हा पंच नव्हे, हा चौकीचा रोजचा माणूस. मॅडम पहिल्या दिवसापासून हेच सांगत होत्या. "मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "आजपर्यंत आपण एकूण किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात?"

तीनशे माणसं हसायच्या तयारीत गप्प झाली. मी अण्णांकडं बघितलं. ते हसत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. माझं उत्तर ते माझ्याआधी, माझ्याबरोबर, मनातल्या मनात म्हणत होते.

इथं मी लिहायला हवं की माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. तसं काही झालं नाही. घशाला कोरड पडली होती आणि मला फक्त त्या पिंजऱ्यातून खाली उतरायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "साहेब, मी काही पाहिलं नाय."

पुण्याच्या मुलाचं तोंड उघडं राहिलं. त्याच्या हातातल्या कागदावरचे पुढचे सगळे प्रश्न माझ्या जुन्या उत्तरावर उभे होते. "म्हणजे?" तो म्हणाला. खऱ्या वकिलानं हा शब्द साक्षीदाराला कधी विचारू नये.

"म्हंजे चाकू मी कागदावरच वाचला. वाचला पण नाय. सही मागितली, दिली."

सोपान "मेलो" म्हणाला ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. नियमपुस्तिकेत स्पष्ट होतं: साक्षीदारानं दिलेला जबाब सोडून बोलू नये, संघाचे गुण जातात. मी नुसता सोडून बोललो नव्हतो, मी जबाबाचा कागद फाडून खाल्ला होता. मॅडमनी कपाळावर हात ठेवला. आणि तेवढ्यात नाझनीन उठली. पांढरी पडली होती, पण आवाज दगडासारखा. "साक्षीदार फितूर झाला आहे. आमच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची परवानगी मिळावी." वकीलसाहेबांनी पहिल्यांदा पेनाचं टोपण काढलं. "दिली."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सहा महिन्यांची ती खुर्ची मी तिच्या डोळ्यांदेखत मोडली होती. "ही सही तुमची?" "माझी." "सही करताना कोणी हात धरला होता?" "नाही." "मारलं? धमकावलं?" "नाही." "शिकलेले आहात. वाचता येतं. 'वाचून पाहिला, बरोबर आहे' याच्या खाली सही करता, आणि आज शपथेवर सांगता पाहिलंच नाही. मग केली कामून सही?" ते 'कामून' तिच्या तोंडून सुटलं, तिथं खटला संपला होता आणि ती मला, मिलिंदला, विचारत होती.

मी म्हणालो, "चौकी समोरच हाय. रोज तोंड बघायचं असतं."

हे वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं. अण्णा असं कधी बोलले नव्हते. मी मागं बघितलं तेव्हा दाराशी ते नव्हते.

कप पुण्याला गेला. नाझनीननं माझ्याकडं न बघता फायली गोळा केल्या आणि जाताना एकच शब्द बोलली, "फितूर." (आजही कोर्टाच्या आवारात भेटली की याच नावानं हाक मारते. दुसऱ्या दिवशी ती कोणाला न विचारता वकीलसाहेबांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. ते म्हणाले, "स्वतःच्या साक्षीदाराला फाडणारी मुलगी ना तू? बस तिकडं." सहा महिन्यांसाठी गेलेली सात वर्षं बसली. यात माझं श्रेय आहे असं मी म्हणतो. ती नाही म्हणत.)

अण्णा बाहेर स्कूटरशी उभे होते. मी मागं बसलो. छावणी ओलांडली. पुढं दौलताबादच्या रस्त्याला लागलो आणि स्कूटर दोन आचके देऊन बंद पडली. अण्णांनी ती कडुनिंबाखाली लावली, डिकीतून पाना काढला, प्लग खोलला आणि पॉलिश पेपरनं घासायला घेतला. हात कामाला लागले.

"तू पहिलीत असशील," ते म्हणाले. "एक बाई जळाली. घरचे म्हणे स्टोव्ह फुटला. हवालदार म्हणला, अण्णा, तुमच्याच कामाचं हाय, चला. त्या टायमाला मी खरंच आत गेलो. स्टोव्ह उलटा करून पाहिला. टाकी शाबूत. पिन जागच्या जागी. पंपाचं वायसर कोरडंठाक, किती दिवसात त्यात रॉकेल पडलं नव्हतं. असला स्टोव्ह फुटायचा कसा? म्हणलं, असंच्या असं लिहा. लिहिलं. वाचून घेतलं, मग सही केली. तेवढी एक सही वाचून केली." त्यांनी प्लगवर फुंकर मारली. "मग कोर्टात काळा कोट उठला. त्यानं स्टोव्हचं इचारलंच नाय. म्हणला, आतापर्यंत किती पंचनाम्यांवर सह्या केल्या?"

एक ट्रक गेला. त्याचा धुरळा खाली बसेपर्यंत त्यांनी प्लग मुठीत झाकून धरला.

"खरं तेच सांगितलं मी. मोजून कोण सह्या करतं. लई हसले लोक. जजसाहेबबी हसले. मग मला म्हणले, जा."

"आणि ते? घरचे?"

"सुटले."

प्लग बसवला, हात फडक्याला पुसले. त्यानंतरही ते रस्ता ओलांडून सह्या करतच राहिले होते, हे मला माहीत होतं. का, ते मी विचारलं नाही. उत्तर दुपारी मीच दिलं होतं आणि ते ऐकूनच ते दारातून बाहेर गेले होते. त्यांनी किक मारली. तिसऱ्या किकला स्कूटर लागली. हात रिकामे नव्हते, हँडलवर होते, म्हणून असेल, पण मी मागं बसल्यावर मान न वळवता म्हणाले, "घसा सुकला की पाणी मागायचं असतं. साक्षीदाराला मागता येतं. तू मागितलं नाहीस." आणि पडेगावचं वळण आल्यावर, "मी खरंच असा खाकरतो का रे?"

"व्हय."

ते खाकरून बघू लागले. एकदा, दोनदा. मी मागं बसून रडत होतो की हसत होतो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला 'आठवत नाय' म्हणायची मुभा त्यांनीच दिलेली आहे. घरी आई दारातच उभी. "जिंकलात का?" अण्णांनी सदरा काढून खुंटीला टांगला. "हरले. साक्षीदार फुटला," ते म्हणाले आणि कुकरकडं वळले.

पुढच्याच महिन्यात हवालदारानं चौकीच्या दारातून मान हलवली तेव्हा अण्णा चष्मा लावून रस्ता ओलांडून गेले आणि म्हणाले, आधी जागा दाखवा. हवालदार हसला, त्याला गंमत वाटली. दुसऱ्या वेळी हसला नाही. तिसऱ्या वेळेपासून पानवाल्याला बोलावणं जाऊ लागलं आणि दुकानासमोर कोणाचीही गाडी उभी राहिली की दंडाची पावती फाटू लागली. अण्णा आता बहात्तर वर्षांचे आहेत, एक कान गेलाय, पण शिट्टी अजून दुसऱ्या कानानं ओळखतात.

आणि मी काळा कोट घालून रोज कोर्टात जातो. माझ्यासमोर महिन्यात दोन-चार तरी पंच येतात. सायकलवाले, चहावाले, झेरॉक्सवाले, ठेवणीतला सदरा घातलेले. तो प्रश्न मीही विचारतो. अशिलासाठी विचारावाच लागतो, न विचारणारा वकील नव्हे. फक्त विचारण्याआधी शिपायाला म्हणतो, "साक्षीदाराला पाणी द्या." माझ्या ज्युनिअरना ती माझी काही तरी युक्ती वाटते. पंच पाणी पितो, मी कागद चाळत उभा राहतो, आणि मागच्या बाकांकडं वळून कोण हसायच्या तयारीत बसलंय ते बघून घेतो.